वायर सोलायची की तशीच विकायची

आमचे हे मस्कतहून कायमचे परत आले तेव्हा दोन ब्लँकेटं, एक मिक्सर आणि काहीही वाया घालवायचं नाही ही सवय, एवढं सामान घेऊन आले. ब्लँकेटं मुलीच्या सासरी गेली. मिक्सर आमच्या वाडीतल्या विजेनं पहिल्याच महिन्यात खाल्ला. सवय मात्र टिकाऊ निघाली. तिकडे ते कंपनीच्या गोदामावर होते. कुणी नवा स्क्रू मागायला आला की आधी जुना दाखव म्हणायचे, आणि जुना दाखवला की हा अजून चालेल म्हणून त्याला परत पाठवायचे. हे ते स्वतः छाती फुगवून सांगतात. भर उन्हात स्क्रूसाठी हेलपाटे घालणाऱ्या माणसांनी ह्यांना कोणकोणत्या भाषांत काय काय म्हटलं असेल, याचा मी पुष्कळदा आनंदानं विचार केलेला आहे.

वीस-बावीस वर्षं ते सुट्टीला यायचे, पाहुण्यासारखे राहायचे आणि जायचे. मागे शेत, गुरं, सासूसासऱ्यांची आजारपणं, मुलांच्या शाळा हे सगळं चालत राहिलं. चालत राहिलं म्हणजे मी चालवलं, पण असं म्हटलं की माणसांना टोचतं. आता ते घरी आले तर घरात त्यांच्या वाटणीचं काम असं काही उरलेलंच नव्हतं. गाय त्यांना जवळ येऊ देत नव्हती. पाण्याची मोटर कधी लावायची ते त्यांना ठाऊक नव्हतं. मुलगी लग्न होऊन गेलेली, मुलगा पनवेलला नोकरीला. सकाळचा चहा झाला की हे अंगणात उभे राहायचे आणि डोंगराकडे बघत बसायचे. डोंगर काही ह्यांच्या ताब्यात दिलेला नव्हता.

त्यात त्या जुन्या कंपनीच्या साहेबाचा अधूनमधून फोन यायचा. गोदामावर भरवशाचा माणूस मिळत नाही, पावसाळ्याच्या आधी येत असशील तर ये, असं तो म्हणायचा. हे मला ह्यांनी सांगितलं नाही. पण आमच्या घरात फोनवरचं बोलणं गोठ्यापर्यंत ऐकू येतं. हे दर वेळी त्याला ‘बघतो’ म्हणायचे. मला ते परत जायला नको होते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. आमच्यात तसं बोलायची पद्धत नाही. मी भाकरी जरा जोरात थापायचे, इतकंच.

मार्चात माझ्या नणंदेनं महाडचं घर दुरुस्तीला काढलं. तिचं घर चवदार तळ्याच्या मागच्या गल्लीत. पुराचं पाणी घरात शिरून गेल्यापासून तिच्या भिंतींना ओल्या हातानं शिवायची सोय राहिली नव्हती, म्हणून तिनं जुनी वायरिंग उपटून सगळी नवी करून घेतली. निघालेल्या वायरींची दोन पोती भरली. ती भंगारात जाणार होती. आमचे हे तिथलं काम बघायला म्हणून गेले होते; त्यांनी पोत्यात हात घातला आणि त्यांचा जीव त्यात अडकला.

‘आत तांबं हाय गो, अस्सल,’ ते मला फोनवर म्हणाले.

‘मंग तिलाच इकू दे की.’

‘तिला त्यातलं कळत नाय.’

माझ्या नणंदेनं आजवर काटा तपासल्याशिवाय रद्दीसुद्धा दिलेली नाही. तिला कळत नव्हतं अशातला भाग नव्हता. तिला फक्त घरातला पसारा बाहेर जायला हवा होता, आणि फुकट हमाल चालून आला होता.

नेमका त्या दिवशी तळ्यावर सत्याग्रहाच्या वर्धापनदिनाचा मेळा. गावोगावची माणसं लोटलेली, गाड्या गावाबाहेर थांबवलेल्या. ह्यांनी एक पोतं पुढे नेऊन ठेवायचं, मागे येऊन दुसरं न्यायचं, असं करत दोन्ही पोती हायवेपर्यंत ओढली. मेळ्याला आलेल्या एका माणसाला वाटलं, पोत्यात तळ्यावर विकायची पुस्तकं आहेत. त्यानं बिचाऱ्यानं अर्ध्या वाटेपर्यंत हातभार लावला. आत वायरी आहेत हे ह्यांनी त्याला सांगितलं नाही. एसटीत कंडक्टरनं पोत्यांचं वेगळं तिकीट फाडलं. थांब्यावरून आमच्या वाडीपर्यंतचा चढ चढून हे घरी आले तेव्हा त्यांची मान वळत नव्हती. मी बाम चोळायला बसले.

‘ह्या बामाचं काय ते धरायचं का हिशेबात?’ मी विचारलं.

‘असा हिशेब धरलास तर धंदाच व्हायचा नाय,’ ते म्हणाले.

चार दिवसांनी मान सरळ झाली तेव्हा ते पुन्हा महाडला गेले, भाव काढायला. तिथं भंगाराचं मोठं दुकान असलेले एक चाचा आहेत. त्यांचा मुलगा कुवेतला, त्यामुळे ह्यांचं त्यांच्याशी लगेच सूत जुळलं. चाचांनी चहा पाजला आणि सरळ सांगितलं. वायर कव्हरसकट दिलीत तर अमुक भाव. सोलून, चकचकीत तांबं आणलंत तर त्याच्या दुपटीच्याही वर. आणि जाळून काळं करून आणू नका, त्याला मी चांगला भाव देणार नाही. हे तिन्ही मुद्दे ह्यांनी घरी येऊन मला पाठ म्हणून दाखवले. यातला तिसरा मुद्दा मी तेव्हाच त्यांच्या कपाळावर गोंदवून घ्यायला हवा होता.

आता प्रश्न उरला एवढाच, की वायर सोलायची की तशीच विकायची. शहाण्या माणसाला हा प्रश्न एक चहा संपेपर्यंत पुरला असता. आमच्याकडे तो सगळा चैत्र पुरला.

माझं आयुष्य सोलण्यात गेलं आहे. वाल, ओले काजू, चिंचा, फणस. काय सोलायला परवडतं आणि काय नाही हे मला विचारायला कुणाकडे जावं लागत नाही, बोटं सांगतात. मीटरपासून मेनस्विचपर्यंतची जी जाड वायर असते ती सोलायला हरकत नव्हती. एक चीर दिली की शेवग्याच्या शेंगेसारखी उलते आणि आत घसघशीत तांबं. पण नणंदेच्या घरात तसली जाड वायर होती किती? बाकी सगळा बल्बांचा, पंख्यांचा, बटणांचा गुंता. त्यातल्या निम्म्या तुकड्यांना गाठी, निम्म्यांना चुना आणि रंग चिकटलेला. आतून निघणार दोऱ्याएवढं तांबं. मी त्यांना म्हटलं, जाडं तेवढं सोला आणि बाकी चाचांच्या काट्यावर ओता. पण अर्धं सोलायचं आणि अर्धं सोडायचं हे गोदामवाल्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

त्यांनी ओटीवर बैठक मारली. आधी दाढीचं पातं घेतलं. पात्यानं वायरीपेक्षा अंगठा जास्त सोलला. मग पक्कड आली, मग पोलादपूरहून एक कटर आला, ज्याची किंमत त्यांनी मला सांगितली नाही आणि मीही दोन दिवस विचारली नाही. शेवटी त्यांची नजर माझ्या विळीवर गेली. पाट पायाखाली दाबायचा, पात्यावर वायर टेकवायची आणि ओढायची. हे मात्र जमलं. इतकं जमलं, की संध्याकाळी त्या विळीवर कांदा चिरला तर भाजीला रबराचा वास आला. जेवताना ह्यांनी भाजी दुसऱ्यांदा मागितली नाही. मी विळी धुतली आणि तांदळाच्या कणगीमागे लपवली.

ओटीवर माणूस बसून हातानं काहीतरी करताना दिसला की आमच्या वाडीतल्या बाकीच्या रिकाम्या माणसांना राहवत नाही. रोज दुपारी सभा भरू लागली. एक म्हणाला, वायर उन्हात टाका, कव्हर मऊ पडतं. दुसरा म्हणाला, छे, गरम पाण्यात टाका. तिसऱ्याला मुळात तांबं खरं आहे का याचीच शंका. तो रोज यायचा, एक तुकडा उचलून वास घ्यायचा आणि ‘सांगता येत नाय’ म्हणून घरी जायचा. यांच्यातल्या एकानंही वायरीला हात लावला नाही. चहा सगळ्यांनी घेतला. एवढ्या चहाची साखर तांब्याच्या कुठल्या भावात बसवायची, हे मी दारातून विचारलं, तेव्हा वास घेणारा म्हणाला, ‘वैनी, त्यांचा टायम जातोय ना, मंग झालं तर.’

‘टायम फुकटचाच हाय,’ हे हसून म्हणाले.

ते मला आवडलं नाही. हसून म्हणाले म्हणून जास्तच आवडलं नाही. माझा वेळ कधी फुकटचा नव्हता. आणि ह्यांचा फुकटचा आहे असं ह्यांनीच म्हणावं, तेही त्या वास घेणाऱ्यासमोर, याचा मला राग आला. त्या दिवशी जी वाटीभर चकचकीत जुडी निघाली होती ती त्यांनी मला दाखवायला आणली. ‘एवढ्याला अख्खी दुपार?’ मी म्हटलं. ‘एवढ्या वेळात मी पाटीभर काजू सोलते, ते खाता तरी येतात.’ त्यांनी जुडी परत नेली आणि पोत्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले. म्हटलं, बसू दे. बसलेत तोवर कुठं जात तरी नाहीत.

मग मे महिन्यात माझे धाकटे दीर मुंबईहून आले. ते मुंबईत कुठल्याशा टॉवरमध्ये लिफ्ट सांभाळतात आणि गावाला आले की आम्हाला जग कसं चालतं ते सांगतात. त्यांनी ओटीवरचा पसारा बघितला आणि मोबाइल काढला. मोबाइलमध्ये एक परदेशी माणूस यंत्राच्या एका बाजूनं वायर घालत होता आणि दुसऱ्या बाजूनं तांबं आणि कव्हर वेगळं होऊन येत होतं. तो व्हिडिओ आमच्या ह्यांनी तीनदा पाहिला.

‘वैनी, टोटल प्रॉफिट हाय ह्यात,’ दीर म्हणाले. ‘फक्त मशीन घ्यायचं.’

‘मशीन घ्यायला पैसे?’

‘ते इन्व्हेस्टमेंट असतं.’

‘आणि दोन पोती संपली की मशीनचं काय, त्यात कपडे धुवायचे?’

दीर माझ्याकडे दयेनं बघून हसले. मुंबईकर माणूस गावातल्या बाईकडे असा बघतो तेव्हा त्याच्या ताटात एक भाकरी कमी वाढायची, असा माझा नियम आहे. तो मी पाळला. पण खरं नुकसान त्या मशीननं केलं नाही. ते फुकटच्या गोष्टीनं केलं.

आमच्याकडे ज्या तुकड्यात भाताची रोपं काढायची तो तुकडा उन्हाळ्यात भाजून घेतात. आधी शेण, त्यावर वाळक्या पानांचा पातेरा, तोडून वाळवलेल्या फांद्या, वरून गवत आणि मातीचा पातळ थर. मग वारा बघून एका कडेनं आग द्यायची. त्याला राब म्हणतात. राब चांगला भाजला तर तण येत नाही आणि रोप जोमानं उठतं. पातेरा गोळा करायला मी थंडी संपल्यापासून डोंगर चढत होते. राब रचून तयार होता. दोन-चार दिवसांत वारा पडला की पेटवायचा, असं मी ठरवलं होतं.

त्या दिवशी मी रेशनला पोलादपूरला गेले होते. परत येताना थांब्यावर उतरले आणि वर पाहिलं तर आमच्या वाडीवर धूर. राबाचा धूर करडा असतो, आणि त्याचा वास मला लहानपणापासून आवडतो. हा धूर काळाकुट्ट होता आणि वास असा, की थांब्यावर उभी असलेली शेळी शिंकली. मी रेशनची पिशवी डोक्यावर घेऊन चढ कशी चढले ते मला आठवत नाही.

राब जळत होता. एका कडेला दीर तोंडाला रुमाल बांधून उभे, दुसऱ्या कडेला हे, डोळे लालबुंद, हातात काठी. मधे एक अख्खं पोतं वायर राबावर पसरलेली. कव्हर वितळून मातीत थेंब थेंब उतरत होतं.

‘राब पेटवायचाच व्हता,’ हे म्हणाले. ‘म्हटलं, आग फुकटची हाय. एका आगीत दोन कामं.’

‘फायर फ्री,’ दीरांनी रुमालातून समजावून सांगितलं.

त्यावर मी जे बोलले ते वाडीच्या खालच्या घरापर्यंत गेलं. तिथून एक म्हातारी काय झालं बघायला वर आली, तिनं राब बघितला आणि तीही माझ्याबरोबर बोलायला लागली. राबात वायर जाळायची ही अक्कल आमच्या सात पिढ्यांत कुणाला सुचली नसती. सुचणार कशी? त्यासाठी एक भाऊ मस्कतला आणि दुसरा मुंबईला असावा लागतो. दीरांना दुसऱ्या दिवशीच मुंबईत काहीतरी तातडीचं काम निघालं आणि ते पहाटेच्या गाडीनं गेले.

राखेतून तांबं काढायचं म्हणजे राब उकरावा लागला. उकरल्यावर खाली काळ्या, चिकट गोळ्यांची माती निघाली. त्यात माझ्या घरचं बियाणं टाकायची माझी छाती होईना. मी वरच्या पट्टीत नवा राब रचायला घेतला. पातेरा डोंगरावर उरला नव्हता. मग गोठ्यातलं गवत काढलं, कुंपणाचे काटे काढले, शेजारणीकडून दोन भारे आणले. सगळे भारे ह्यांनी वाहिले. मी दाखवलं तिथं ठेवले, मी म्हटलं तशी माती पसरली. काम चांगलं केलं हे मला कबूल करायला हवं, पण तेव्हा मी ते कबूल केलं नाही.

काळं तांबं विकायला मी त्यांच्याबरोबर महाडला गेले. मला मुद्दाम बघायचं होतं. चाचांनी एक तार उचलली, दोन बोटांत घासली, बोटं बघितली.

‘भाऊ, मी बोललो होतो तुम्हाला,’ ते म्हणाले. ‘जाळू नका म्हणून.’

‘राब पेटवायचाच होता,’ हे पुटपुटले.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची स्वतःची शेती दासगावला आहे. राब म्हणजे काय ते त्यांना सांगावं लागलं नाही. त्यांनी काट्यावर तांबं ठेवलं आणि काळ्या मालाचा जो भाव होता तो दिला. जाळून जे हातात आलं तेवढं न जाळता विकलं असतं तरी आलंच असतं, आणि माझा राब वाचला असता. मी तिथल्या तिथं तोंडी हिशेब करून तो ह्यांना ऐकवला. मग एसटीत पोलादपूर येईपर्यंत ऐकवला. कटर, बाम, चहा, पोत्यांचं तिकीट, शेजारणीचे भारे. एवढी वर्षं घर चालवणाऱ्या बाईचा हिशेब होता, त्याला कुठं फट नव्हती. हे खिडकीतून बाहेर बघत बसले होते.

घरी आल्यावर त्यांनी हातपाय धुतले. ओटीवर उरलेलं दुसरं पोतं उचललं आणि अंगणाच्या कडेला, भंगारवाल्याचा टेम्पो येतो तिथं नेऊन ठेवलं. सोललेल्या जुड्याही त्यातच टाकल्या.

‘तू म्हणत व्हतीस तेच खरं,’ ते म्हणाले. ‘नाय परवडत.’

दोन महिने मी याच वाक्यासाठी भांडत होते. मला वाटलं, आता बरं वाटेल. मी चहा ठेवायला आत वळले.

‘माझा पासपोर्ट कुठं ठेवलायस गो?’ त्यांनी मागून विचारलं.

‘कशाला?’

‘साहेबाला कळवतो. पावसाच्या आधी निघतो म्हणून.’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं. रागाशी कसं बोलायचं ते मला येतं. गोदामातला माल मोजून झाल्यावर माणूस जसा सांगेल तसं ते सांगत होते. ‘इथं मी बसून नुसता खर्च हाय,’ ते म्हणाले. ‘तू आज गाडीत मांडलास ना हिशेब, त्यात मला धरलं नव्हतंस एवढंच.’

मी गॅस बंद केला. माझ्या तोंडात येत होतं, की तुम्ही जाऊ नका. तेवढे तीन शब्द. ज्या तोंडातून त्या राबावर खालच्या घरापर्यंत ऐकू जाईल एवढं निघालं होतं, त्यातून हे तीन निघेनात. मी बाहेर गेले, अंगणाच्या कडेचं ते पोतं दोन्ही हातांनी धरलं आणि ओढत ओढत परत ओटीवर आणलं. ते उंबऱ्यात उभे राहून बघत होते.

‘परवडतं,’ मी म्हटलं.

‘काय?’

‘वायर सोलायला. परवडतं.’

‘कसं?’ त्यांनी विचारलं. थट्टा नव्हती. खरंच विचारत होते, आणि उत्तरासाठी थांबले होते.

मी पोत्यापाशी खाली बसले. एक पातळशी, चुन्यानं माखलेली वायर ओढून काढली आणि नखानं तिचं टोक उकलायला लागले. माझ्या बाजूनं एकही आकडा नव्हता. असलेले सगळे मी सकाळपासून त्यांच्या विरुद्ध वापरून संपवले होते.

‘परवडतं म्हटलं ना,’ मी म्हटलं. ‘बसा.’